सोबतीचे माणूस

बंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत, औषधांच्या खिडकीसमोरची रांग सकाळी दहानंतर फार हळू सरकते. सासूबाईंच्या कंपवाताच्या गोळ्या घेण्यासाठी मी त्या रांगेत उभी होते. माझ्या पुढची बाई फोनवर मराठीत बोलत होती, आणि परक्या शहरात आपली भाषा कानावर पडली की लक्ष आपोआप तिकडे जाते. "जेवलास का? डबा नेलास का? सकाळची गोळी घेतलीस न्हवं?" एवढे तीन प्रश्न विचारून तिने फोन ठेवला. मग आम्ही बोलू लागलो. ती निपाणीची होती, रात्रभर बसने प्रवास करून आली होती आणि संध्याकाळच्या बसने परत जाणार होती. हातातल्या पिशवीत कडा झिजलेली फाईल, पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या. पेशंट कुठे आहे, असे मी विचारले तेव्हा तिचा चेहरा उजळला. "भाऊ हाय माझा. त्यो कामावर गेलाय, सेंट्रिंगच्या. हिकडं आणला असता तर दोन दिसांची मजुरी बुडली असती." ती स्वतः घरी विड्या वळते, हे तिने आधीच सांगितले होते. "आणि तुमची मजुरी?" माझ्या तोंडून निघून गेले. "माझं काय ताई! आज न्हाई वळल्या, तर उद्या रातच्याला जास्ती वळीन." तेवढ्यात तिचा क्रमांक आला आणि ती खिडकीकडे वळली.

तिची ही दोन उत्तरे तेव्हापासून माझ्या मनातून गेलेली नाहीत. पहिल्यात त्या संस्थेचे सगळे यश सामावलेले आहे. स्किझोफ्रेनियासारखा आजार असलेला माणूस महिन्याच्या तपासणीला आला नाही, कारण तो कामावर गेला आहे. याहून चांगली गैरहजेरी मनोरुग्णालयाच्या नोंदवहीत कोणती असू शकेल? दुसऱ्या उत्तरातला हिशोब मात्र कुणाच्याच वहीत नव्हता, आणि तिला स्वतःलाही तो मांडावासा वाटत नव्हता.

होसूर रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला निम्हान्स पहिल्यांदा दिसते ते झाडांमुळे. डेअरी सर्कलची गर्दी, बसचे हॉर्न आणि धूर मागे टाकून आत शिरले की आवाज एकदम खाली येतो. जुन्या म्हैसूर संस्थानचे मनोरुग्णालय आणि १९५४ साली सुरू झालेली अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांना एकत्र करून २७ डिसेंबर १९७४ रोजी ही संस्था उभी राहिली, आणि त्या जोडणीच्या खुणा आजही आवारात जाणवतात. एकीकडे दगडी, प्रशस्त, उंच छपराच्या जुन्या इमारती आहेत; दुसरीकडे स्कॅनची यंत्रे आणि प्रयोगशाळा असलेल्या नव्या इमारती आहेत. पुनर्वसन विभागाच्या बाजूने गेले तर बेकरीतल्या पावाचा गरम, किंचित आंबूस वास येतो. तिथे बरे होत असलेले रुग्ण काम शिकतात. एकदा मी तिथला पाव विकत घेतला होता. पैसे घेणाऱ्या तरुणाने सुटे पैसे माझ्या हातावर ठेवण्यापूर्वी दोनदा मोजले. त्याचा मोजणारा हात थोडा थरथरत होता आणि चेहऱ्यावर विलक्षण एकाग्रता होती.

पण मला या आवारात सर्वांत जास्त थांबवून ठेवतात ती रुग्णांसोबत आलेली माणसे. इथल्या खुल्या वॉर्डांमध्ये बहुतेक रुग्णांजवळ घरचे कोणीतरी राहते. कॉटशेजारी घडी घातलेली सतरंजी, खिडकीच्या गजांवर वाळत घातलेला टॉवेल, स्टीलचा डबा आणि थर्मास असा छोटा संसार तिथे मांडलेला दिसतो. मनोविकाराच्या रुग्णाबरोबर त्याच्या घरच्या माणसांनाही ठेवून घ्यावे, या कल्पनेचा भारतातला जुना आणि मोठा प्रयोग अमृतसरला झाला. १९५० च्या दशकात तिथल्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावले. फाळणीच्या जखमा ताज्या होत्या, डॉक्टर मोजके होते आणि खाटा अपुऱ्या होत्या. त्या टंचाईतून जी रीत जन्मली, तिच्यामुळे दोन गोष्टी साधल्या: रुग्णाला आपल्याला टाकून दिले आहे असे वाटेनासे झाले, आणि घरच्यांना हा आजार जवळून, डॉक्टरांच्या देखत, भीती न बाळगता पाहता आला. आजार कसा वाढतो, गोळी कशी काम करते, कोणत्या बोलण्याने माणूस बिथरतो आणि कोणत्या बोलण्याने शांत होतो, हे त्यांना तिथे कळत गेले. पुढे वेलूरला आणि बंगळुरूला या विचाराला संस्थेचे रूप आले.

आमच्या घराला हे फार उशिरा मिळाले. माझा मोठा मामा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना आजारी पडला. तो सत्तरच्या दशकाचा काळ होता आणि मिरजेच्या आमच्या आजोळी त्याच्या आजाराला नाव नव्हते. मागच्या परसात विहिरीच्या कठड्याला टेकून तो कुणाशी तरी बोलत राही, मधूनच हात वर करून समोरच्याला गप्प करी. आजीने त्याला नरसोबाच्या वाडीला नेले, मग गाणगापूरला नेले. तिथे आरतीच्या वेळी चाललेला घंटानाद, धुपाचा दाट धूर आणि खांबांना कवटाळून ओरडणारी माणसे यांच्यामध्ये माझी आई, त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, त्याचा हात घट्ट धरून बसून राहिली होती. त्या प्रवासाविषयी आई कधीच रागाने बोलली नाही. ती म्हणे, तिथे निदान आम्हाला कोणी एकटे बसवले नाही. नंतर त्याला एका मोठ्या सरकारी इस्पितळात दाखल केले, तेव्हा दारातच कपड्यांचे गाठोडे घेऊन घरच्यांना परत पाठवण्यात आले. तो काही महिन्यांनी घरी आला तो केस कापलेला, सुजलेल्या चेहऱ्याचा आणि पावले घासत चालणारा. लार्गॅक्टिल आणि पॅसिटेन ही त्याच्या गोळ्यांची दोन नावे मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. चहाची बशी त्याच्या हातात किणकिणत असे. तो आवाज आजाराचा की औषधाचा, हे त्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते आणि कोणी समजावूनही सांगितले नव्हते.

आजी गेल्यावर आईने त्याला आमच्या घरी आणले.

त्यानंतर आई कुठल्याही लग्नाला मुक्कामाने गेली नाही. बाबा चांगले होते, त्यांनी कधी शब्दाने दुखावले नाही. पण मामाची गोळी, त्याची दाढी, त्याचे न बोलणे आणि कधी मध्यरात्री सुरू होणारे बोलणे हे सारे तिचेच होते. रात्री कडी वाजली की ती जागी होई. मामा वारल्यानंतरही कितीतरी दिवस ती त्याच वेळी जागी होत राहिली. नातेवाईक तिचे कौतुक करत. "बहीण असावी तर अशी," असे म्हणत. दोन दिवस मामाला आमच्याकडे ठेव आणि तू जरा जाऊन ये, असे त्यांतल्या कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. त्या कौतुकाची चीड मला लहानपणी कळली नाही, ती फार नंतर आली.

निम्हान्समध्ये मेंदूचे संग्रहालय आहे. चेताविकृतिशास्त्र (न्यूरोपॅथॉलॉजी) विभागाने जपलेले मानवी मेंदू तिथे सामान्य माणसाला पाहता येतात, हातमोजे घालून हातात धरताही येतात. १९९५ पासून तिथे मेंदूंची पेढी आहे आणि मृत्यूनंतर कुटुंबांनी दान केलेल्या मेंदूंवर देशभरातले संशोधक काम करतात. मी गेले तेव्हा फॉर्मॅलिनचा वास नाकात भिनला होता आणि शाळकरी मुलांचा एक गट कुजबुजत पुढे सरकत होता. पक्षाघाताने मृत झालेला भाग, गाठ, जंतूंनी केलेली पोकळी, सारे डोळ्यांनी दिसत होते. मी मात्र वेगळेच काही शोधत होते. मामा ज्यांच्याशी बोलत राही, ते आवाज त्याला कुठून ऐकू येत होते? माझ्या हातात सव्वा-दीड किलोच्या आसपासचे ते थंड, घट्ट वजन होते आणि मला कळत होते की स्किझोफ्रेनिया असा उघड्या डोळ्यांना दिसत नाही. अनुवंशाचा वाटा आहे, चेतारसायनांचा आहे, मेंदूची वाढ होत असतानाच्या घडामोडींचा आहे, भोवतालच्या ताणांचा आहे. पण बोट ठेवून दाखवावी अशी एक जागा नाही. मला त्या क्षणी निराश वाटायला हवे होते. उलट हलके वाटले. आजीने कोणाचे काय वाईट केले म्हणून हे भोग आले, ही चर्चा आमच्या घरात वर्षानुवर्षे चालली होती. त्या चर्चेला इथे कुठेच जागा नव्हती.

संशोधनाचा दुसरा चेहरा मला त्याहून जवळचा वाटतो, कारण तो खेड्यापाड्यांत फिरून केलेला आहे. संस्था स्थापन झाली त्याच सुमारास, १९७५ च्या आगेमागे, तिथे सामुदायिक मनोविकारशास्त्राचा वेगळा विभाग सुरू झाला आणि बंगळुरूबाहेर सकळवाड्याला ग्रामीण केंद्र निघाले. प्रश्न साधा होता: मनोविकारतज्ज्ञ इतके कमी असताना खेड्यातल्या रुग्णाला पाहणार कोण? उत्तर असे निघाले की प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला आणि आरोग्यसेवकांना थोडक्या, नेमक्या प्रशिक्षणाने तयार करता येते. कोण कोणाशी एकटाच बोलतो, कोणी आंघोळ सोडली आहे, कोणाला फिट येतात, हे गावात फिरणाऱ्या सेविकेला शहरातल्या डॉक्टरपेक्षा आधी कळते. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. पुढे १९८५ पासून बळ्ळारी जिल्ह्यात ही पद्धत संपूर्ण जिल्ह्याच्या पातळीवर वापरून पाहिली गेली, आणि त्याच नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. आज महाराष्ट्रातल्या जिल्हा रुग्णालयांत मनोविकारांची बाह्यरुग्ण सेवा चालते, तिचे मूळ सकळवाडा आणि बळ्ळारीच्या त्या धुळीच्या रस्त्यांवर आहे.

या वाटेवरचा एक अभ्यास मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण कर्नाटकात स्किझोफ्रेनिया असूनही उपचार न मिळालेले १०० रुग्ण शोधले, त्यांच्यापर्यंत औषधे आणि समुपदेशन पोहोचवले आणि दीड वर्ष त्यांचा पाठपुरावा केला. २००५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. रुग्णांची लक्षणे कमी झाली, त्यांचे परावलंबन कमी झाले, हे अपेक्षितच होते. माझे डोळे खिळले ते पुढच्या भागावर. संशोधकांनी कुटुंबावरचा भार मोजला होता, आणि खर्चाच्या हिशोबात घरच्या माणसाने रुग्णामागे घालवलेला वेळही धरला होता. उपचार आणि गावोगाव पोहोचण्याचा खर्च वाढला, त्याच काळात दवाखान्याबाहेरच्या उपायांवरचा खर्च आणि घरच्या माणसाचा वेळ कमी झाला. म्हणजे आईच्या जागरणासारखी गोष्ट खर्चाच्या रकान्यात लिहिता येते आणि कमी झाल्यावर ते दाखवताही येते. कोणीतरी तो रकाना आखला होता, हे वाचून मी कितीतरी वेळ पुढचे पान उलटले नाही.

मग हा रकाना रोजच्या कामात का नसतो? निम्हान्सने चालवलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून असल्याचे दिसले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्याच अहवालात आणखी एक साधी नोंद आहे: उपचार आणि प्रवास यांपायी कुटुंबांना महिन्याला हजार ते दीड हजार रुपये खर्च करावे लागत होते. निपाणीच्या बाईचे बसचे भाडे त्या आकड्यात बसते. तिच्या न वळलेल्या विड्या त्यात बसत नाहीत, कारण मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते आणि न वळलेल्या विड्या कोणी मोजत नाही.

भारतात मनोरुग्णाची काळजी कुटुंब घेते, ही आपली मोठी ताकद आहे, असे मी अनेक व्याख्यानांत ऐकले आहे. ते खरेही आहे. आमचा मामा रस्त्यावर आला नाही, तो स्वतःच्या खाटेवर, स्वतःच्या माणसांत गेला. पण ज्याला आपण कुटुंब म्हणतो ते प्रत्यक्षात बहुधा एक माणूस असते आणि ते माणूस बहुतेक वेळा बाई असते. आई, बहीण, बायको, कधी शाळा सोडलेली मुलगी. इस्पितळाच्या खाटा कमी करा, रुग्णाला समाजात राहू द्या, हे धोरण मला मनापासून पटते. बंद दारांमागच्या त्या महिन्यांनी मामाचे काय केले, ते मी पाहिले आहे. तरी खाटेवरून उठलेला प्रत्येक रुग्ण ज्या घरात जातो, तिथे त्याच्यासोबत कामाचा केवढा डोंगर जातो, याचा विचार त्या धोरणात पातळ होत जातो, हेही मला दिसते. परिचारिकेच्या तीन पाळ्या असतात. बहिणीची पाळी बदलत नाही.

रांगेत त्या निपाणीच्या बाईला मी आणखी एक गोष्ट विचारली होती. निपाणीहून बंगळुरूला येताना बस धारवाडवरून येते. धारवाडला मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञानाची मोठी संस्था आहे, आणि तो भाग मुंबई इलाख्यात होता तेव्हापासून तिथे मनोरुग्णालय आहे. अर्ध्याहून कमी वाटेवर उपचार असताना ती एवढी लांब का येते? "हितं गुण आला त्याला," एवढेच ती म्हणाली. तिचा भाऊ आजारी पडला तेव्हा कोणीतरी तिला थेट इथे पाठवले, त्याला दाखल करून घेतले, तिला शेजारी सतरंजी टाकू दिली, आणि तो बोलू लागला. ज्या जागी माणूस परत मिळाला, ती जागा सोडायची हिंमत होत नाही. सेवा जवळ आणण्याचे काम करणाऱ्यांनी या भीतीचा मान राखायला हवा, असे मला वाटते. कर्नाटकात मनोचैतन्य कार्यक्रमातून तालुक्याच्या रुग्णालयात मंगळवारी मनोविकारतज्ज्ञ येतात. टेलिमानस या फोनवरच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येते. या सोयी कागदावर तिच्या घराजवळ आहेत. मनाने त्या जवळ येण्यासाठी बंगळुरूच्या डॉक्टरने तालुक्याच्या डॉक्टरचे नाव घेऊन, तिच्यासमोर फोन लावून, "आता हे बघतील, अडले तर मी आहेच," असे म्हणायला लागेल. हे काम कोणत्याही यंत्राने होणारे नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या १८ व्या कलमात सरकारवर स्पष्ट जबाबदारी टाकली आहे की मनोविकार असलेल्या व्यक्तीला उपचारांसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये. मी ते कलम वाचले तेव्हा मला लगेच जाणवले की प्रवास रुग्ण करत नसेल, बहीण करत असेल, तर हा हक्क कोणाचा धरायचा? त्याच कायद्यात काळजी घेणाऱ्या व्यक्तीची व्याख्या आहे आणि तीत मोबदला घेऊन किंवा न घेता काळजी घेणारे दोघेही येतात. मोबदल्याची कल्पना कायद्याला परकी नाही, एवढे तरी त्यावरून कळते. केरळमध्ये आश्वासकिरणम नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्या आणि तीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्तींची घरी काळजी घेणाऱ्याला त्यातून दरमहा ६०० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण ती काळजी घेणाऱ्याच्या कामासाठी दिली जाते. महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या जिल्हा कार्यक्रमांत निदान एवढे व्हावे असे मला वाटते: रुग्णाच्या कागदावर त्याच्या सोबतीच्या माणसाचीही झोप, आजारपण आणि बुडालेली मजुरी यांची नोंद दर भेटीला व्हावी, आणि तालुक्याच्या ठिकाणी अशी एक जागा असावी, जिथे चार दिवस रुग्णाला विश्वासाने ठेवता येईल आणि त्याच्या बहिणीला मुक्कामाने लग्नाला जाता येईल.